दिवा पोहोचला, वीज कधी पोहोचणार?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर खांब उभे राहिले, मीटर बसले. तरीही दिवाळी सरली की अनेक पाडे ओस पडतात. विजेची जोडणी आणि विजेवर उभा राहणारा रोजगार यांतील अंतराचा हा वेध.

प्रतिनिधी

मुंबईकराच्या नळाला येणारे बहुतेक पाणी शहापूर तालुक्याच्या डोंगरदऱ्यांतून आलेले असते. १८९२ मध्ये बांधलेला तानसा तलाव, १९५० च्या दशकातील मोडकसागर, नंतरचे भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण, अशी ही सारी मालिका याच परिसरात आहे. ज्या तालुक्याच्या कुशीत एवढे पाणी साठते, तेथील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती आता शहरी वाचकांनाही परिचित झाली आहे. विजेच्या बाबतीतही याच जातीची एक विसंगती येथे आहे, परंतु तिची चर्चा फारशी होत नाही.

मुंबई-इगतपुरी रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारास झाले. म्हणजे आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून विजेवर धावणाऱ्या गाड्या जाऊ लागल्या त्याला आता नव्वदहून अधिक वर्षे लोटली. रुळांच्या दोन्ही बाजूंची गावे मात्र त्यानंतर अनेक दशके रॉकेलच्या चिमणीवरच होती. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. तालुक्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या कड्याखाली चोंढे येथे घाटघर उदंचन प्रकल्पाचे खालचे धरण आहे. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना खालचे पाणी सुमारे चारशे मीटर उंचीवरील जलाशयात चढवले जाते आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघे येथे चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर अंतर कापून येणाऱ्या उच्चदाब एकदिश वाहिनीचे टोक आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीची क्षमता १५०० मेगावॉट आहे. थोडक्यात, मुंबई महानगराला तगवणारी वीज शहापूर-मुरबाडच्या आसपासच साठते, वळते आणि पुढे जाते.

असे असूनही भाताचा हंगाम आटोपला की येथील कातकरी, ठाकूर व अन्य आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. गावात काम नाही, हे त्याचे सरळ उत्तर. पण गावात काम का नाही, या प्रश्नाच्या तळाशी गेले की अनेक कारणांमध्ये एक कारण वारंवार समोर येते. गावात दिवा लावण्यापुरती वीज आहे, काम करण्यापुरती नाही.

विद्युतीकरणाची व्याख्या

'गावात वीज आली' या वाक्याचा सरकारी अर्थ वेळोवेळी बदलत गेला आहे. २००४ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या व्याख्येनुसार, गावात रोहित्र व वाहिनी असेल, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असेल आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असेल, तर ते गाव विद्युतीकृत मानले जाते. शंभर घरांच्या गावात दहा घरांत दिवा लागला की कागदावर ते गाव उजळले. शिवाय या व्याख्येतील 'गाव' म्हणजे महसुली गाव. शहापूर-मुरबाडमध्ये एका महसुली गावाचे पाच-सात पाडे डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर विखुरलेले असू शकतात. गावठाणात खांब उभा राहिला की पाडेही त्याच हिशेबात जमा होत.

एप्रिल २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू झाली आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मोफत जोडण्या मिळू लागल्या. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग हे गाव जोडले गेल्यावर देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. गावाऐवजी घर हे एकक मानणारी 'सौभाग्य' योजना सप्टेंबर २०१७ मध्ये आली आणि २०१८ च्या अखेरपर्यंत महाराष्ट्रानेही घरोघरी वीज पोहोचल्याचे जाहीर केले. तथापि, नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिमागास आदिवासी समूहांसाठी 'पीएम-जनमन' अभियान सुरू झाले, तेव्हा देशभरात वीजजोडणी नसलेली अशी लाखाहून अधिक घरे मंजुरीच्या यादीत आली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे तीन समूह या अभियानात येतात. त्यांपैकी कातकरी समाज शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मोठ्या संख्येने आहे.

या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रॉकेलच्या धुरात अभ्यास करणाऱ्या मुलाला बल्ब मिळणे ही क्रांतीच आहे. नऊ वॉटचा एलईडी दिवा चिमणीच्या कितीतरी पट उजेड देतो आणि रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटाहून कमी वीज खातो. पण या जोडण्या मुळात घरगुती दिव्यांच्या हिशेबाने आखलेल्या होत्या. दिवा, पंखा आणि मोबाइल चार्जर एवढेच गृहीत धरून वाहिनी टाकली, तर त्यावर गावाचा रोजगार उभा राहत नाही.

सिंगल फेजची मर्यादा

येथे थोडी तांत्रिक बाजू समजून घ्यावी लागेल. विजेच्या वाहिनीत तीन फेज असतात. घरातील दिवा, दूरचित्रवाणी संच वा छोटी घरघंटी एका फेजवर चालते. पाच-दहा अश्वशक्तीचा पाण्याचा पंप, भातगिरणी, लाकूड कापण्याचे यंत्र वा शीतगृहाचा कॉम्प्रेसर यांना मात्र सामान्यतः तिन्ही फेज लागतात. विरळ वस्तीच्या ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी सिंगल फेजची वाहिनी आणि १६ किंवा २५ केव्हीए क्षमतेचे लहान रोहित्र बसवण्याची पद्धत देशभर आहे. हिशेब सोपा आहे. १५ अश्वशक्तीची गिरणी म्हणजे सुमारे ११ किलोवॉटचा भार. सुरू होताना तिची मोटर क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. पाड्याच्या रोहित्राला हे पेलवत नाही.

दुसरा प्रश्न विजेच्या दाबाचा. उपकेंद्रापासून वाहिनी जितकी लांब, तितका तिच्या शेपटाकडे दाब उतरत जातो. नियमानुसार घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब हवा. तो १८० वर आला तर दिवा थोडा मंद होतो एवढेच घरच्यांना जाणवते. मोटरचे मात्र तसे नसते. तिची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे दाब सुमारे बावीस टक्क्यांनी उतरला की ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. मोटर गुरगुरते, तापते आणि शेवटी जळते. ती पुन्हा भरून घेण्यासाठी शहापूर वा मुरबाडच्या बाजारपेठेत जावे लागते आणि ऐन हंगामातले दिवस वाया जातात. एकदा असा फटका बसलेला माणूस दुसऱ्यांदा यंत्रात पैसे घालताना दहा वेळा विचार करतो.

तिसरा प्रश्न भरवशाचा. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यात धुवाधार पाऊस कोसळतो. वाहिन्या दाट झाडीतून जातात. फांदी पडली, खांब कलला की बिघाड शोधत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला चिखल व ओढे तुडवत मैलोन्मैल चालावे लागते. शहरात तासाभराने परतणारी वीज येथे दोन-तीन दिवसांनी परतली तरी कोणाला नवल वाटत नाही. वीज गेली की काही तासांत मोबाइल मनोऱ्याच्या बॅटऱ्याही उतरतात. मग शिधावाटप दुकानातील ई-पॉस यंत्र, बँक मित्राचे यंत्र आणि पंचायतीतील संगणक हे सारे एकदम गप्प होते.

यावर डिझेलचा पर्याय आहे, पण तो किती महाग आहे हे पाहण्यासारखे आहे. लहान जनित्रातून एक लिटर डिझेलमागे साधारण तीन युनिट वीज मिळते. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपयांच्या आसपास धरला तर केवळ इंधनाचाच खर्च युनिटमागे ३० रुपये होतो. मुंबईतील उद्योजक यापेक्षा कितीतरी स्वस्त विजेवर यंत्र चालवतो. दोघांचा माल मात्र एकाच बाजारात, एकाच भावाने विकला जायचा असतो.

पाणी खाली, गाव वर

विजेचा आणि विकासाचा संबंध सर्वाधिक उघडपणे दिसतो तो पाण्यात. शहापूरमधील धरणे दऱ्यांत आहेत आणि अनेक पाडे पठारांवर वा डोंगरसोंडांवर. पाणी डोळ्यांना दिसते, पण ते वर चढवायला शक्ती लागते. ही शक्ती नेमकी किती, याचा हिशेब करून पाहू.

हजार लोकवस्तीचे एक गाव धरू. जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे एकूण ५५ हजार लिटर पाणी. ते १०० मीटर उंचीवर चढवायचे. भौतिकशास्त्राच्या नियमाने त्यासाठी सुमारे १५ युनिट ऊर्जा लागते. पंप आणि नळातील तूट धरून ती दुप्पट केली, तर दिवसाला ३० ते ३५ युनिट होतात. दीड टनाची तीन वातानुकूलन यंत्रे रात्रभर चालली की जेवढी वीज जळते, तेवढ्यात हजार माणसांचे दिवसभराचे पाणी शंभर मीटर वर चढते! पाच जणांच्या एका कुटुंबाच्या वाट्याला यातील पाव युनिटही येत नाही.

ही पाव युनिटाची शक्ती तारेतून आली नाही तर ती शरीरातून द्यावी लागते. १५ लिटरचा एक हंडा धरला तर पाच जणांच्या कुटुंबाला निकषाप्रमाणे दिवसाला अठरा हंडे लागतील. एवढ्या खेपा कोणालाच शक्य नसल्याने मग कुटुंब चार-पाच हंड्यांवर भागवते. म्हणजे पाण्याचा वापरच कमी होतो. खेपा घालतात त्या बाया आणि मुली. सरपणाचेही तेच. उज्ज्वला योजनेतून २०१६ नंतर गॅसजोडण्या घरोघरी गेल्या, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याइतके रोख पैसे हातात नसले की चूल पेटतेच. पाणी आणि सरपण यांत गेलेल्या तासांची नोंद कोणत्याही आर्थिक पाहणीत मजुरी म्हणून होत नाही, पण त्या तासांत होऊ शकणारी कमाई मात्र कायमची बुडालेली असते.

नळयोजना बांधून झाल्यावरही प्रश्न सुटतोच असे नाही. पंपाचे वीजबिल भरणे लहान ग्रामपंचायतींना जड जाते. थकबाकी वाढली की जोडणी तोडली जाते आणि योजना बंद पडते, हा राज्यभराचा अनुभव आहे. म्हणूनच शहापूरसाठी आखलेली भावली योजना वेगळी ठरते. इगतपुरी तालुक्यातील भावली धरण घाटमाथ्यावर आहे. तेथून ९७ गावे आणि २५९ पाड्यांसाठी पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली आणण्याची ही कल्पना आहे. जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे डोंगराच्या उताराचाच उपयोग करून घेणे हे शहाणपणाचे आहे. पण त्यातून दिसते ते हेच की, पाण्याची योजना ही अखेर ऊर्जेची योजना असते.

दिवाळीनंतरचे स्थलांतर

२०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार, तर मुरबाडची १ लाख ९० हजारांच्या आसपास होती. दोन्ही तालुक्यांत मुख्य पीक एकच, पावसाळी भात. भात झोडून झाले की जमीन मोकळी. नदीकाठच्या आणि विहीर-पंपाची सोय असलेल्या शेतकऱ्यांनी मात्र येथे भेंडी, काकडी, कारली असा भाजीपाला करून दाखवला आहे. शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशांतही जाते. म्हणजे जमीन नापीक नाही, बाजारही दूर नाही. मुंबई-ठाण्यासारखी बाजारपेठ शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि जून २०२५ पासून समृद्धी महामार्गही या तालुक्यातून पूर्णपणे खुला झाला आहे. फरक पडतो तो पंपाने. ज्याच्या शेताला पाणी त्याला दुसरे पीक, आणि ज्याला दुसरे पीक त्याचे घर दिवाळीनंतर उघडे राहते.

ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यापुढे वीटभट्टी उभी असते. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात, अडीअडचणीला उचल घ्यायची, दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, वसई परिसरातील भट्ट्यांवर कुटुंबासह राहायला जायचे आणि पाऊस येईपर्यंत घाम गाळून ती फेडायची, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. या वेठीविरुद्ध ठाणे जिल्ह्यात १९८० च्या दशकापासून संघटित लढे झाले. भट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. परंतु उचल घेण्याची वेळच येऊ नये, यासाठी गावात आठ महिने चालणारे काम हवे.

असे काम विजेवर उभे राहू शकते का? दोन उदाहरणे पाहू. पहिले भाताचे. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर येथील भात आधारभूत किमतीने खरेदी केला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची ही किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. क्विंटलभर भातातून ६५ ते ६७ किलो तांदूळ निघतो, शिवाय कणी, कोंडा आणि तूस. गावातच गिरणी असेल तर तांदूळ तांदूळ म्हणून विकता येतो, कणीचे पीठ होते, कोंडा जनावरांना लागतो. गिरणी नसेल तर भात पोत्यातून बाहेर जातो आणि त्याच्याबरोबर ही सारी कमाईही.

दुसरे उदाहरण रानातल्या गुळवेलीचे. शहापूरमधील कातकरी तरुणांच्या पुढाकारातून वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून विकण्याचे काम उभे राहिले. करोनाकाळात औषधी वनस्पतींची मागणी वाढल्यावर या केंद्राकडे औषध कंपन्यांकडून कोटीहून अधिक रुपयांची मागणी नोंदवली गेल्याचे केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले होते. वीटभट्टीऐवजी गावात राहून कमाई होऊ शकते, याचा हा पुरावाच. ओल्या वेलीपेक्षा वाळलेल्या वेलीला आणि वाळलेल्या वेलीपेक्षा भुकटीला भाव अधिक. पावसाळ्यात वाळवण्यासाठी आणि भुकटीसाठी यंत्र लागते व यंत्राला खात्रीची वीज. वीज नसेल तर कच्चा माल गोळा करणाऱ्याच्या हाती मजुरीच तेवढी उरते.

जग काय सांगते?

शहापूर-मुरबाडची ही अवस्था जगावेगळी नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार जगात अजूनही सुमारे ७५ कोटी लोकांकडे वीज नाही आणि त्यांतील ६० कोटींच्या आसपास सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. जागतिक बँक व आफ्रिकी विकास बँकेने २०३० पर्यंत त्यांतील ३० कोटी लोकांना वीज देण्याचा संकल्प २०२४ मध्ये जाहीर केला. पण केवळ जोडणी दिल्याने गरिबी हटते का, याविषयी गेल्या काही वर्षांत झालेले अभ्यास विचार करायला लावणारे आहेत.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यांचा टेरिन डिंकलमन यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वीज आल्यानंतर तेथे स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण सुमारे नऊ टक्के बिंदूंनी वाढल्याचे त्यात दिसले. स्वयंपाक विजेवर आल्याने सरपणाचे तास वाचले आणि स्त्रिया कमाईसाठी मोकळ्या झाल्या. याउलट पश्चिम केनियात केनेथ ली, एडवर्ड मिगेल व कॅथरिन वुल्फ्राम यांनी केलेल्या प्रयोगात, घरांना अनुदानित जोडण्या दिल्यानंतर दीड-दोन वर्षांत उत्पन्नात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. वीजवापरच अत्यल्प राहिला होता. फिओना बर्लिग व लुईस प्रिओनास यांनी भारतातील राजीव गांधी योजनेचाच अभ्यास केला. तीनशेच्या आसपास वस्तीच्या लहान गावांत त्यांना आर्थिक लाभ जवळजवळ दिसला नाही. दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या गावांत मात्र तो ठळकपणे दिसला.

या निष्कर्षांवरून 'लहान पाड्यांना वीज देण्यात अर्थ नाही' असा धडा काढणे चुकीचे ठरेल. त्यांचा अर्थ एवढाच की, वीज ही पेरणी आहे, पीक नव्हे. रस्ता, बाजार, कर्ज आणि यंत्र यांची जोड मिळाली तरच ती उगवते. म्हणूनच आता जोडणी मोजण्याऐवजी विजेचा दर्जा मोजण्याकडे कल वाढतो आहे. जागतिक बँकेने २०१५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वीजसुविधेचे शून्य ते पाच असे स्तर केले आहेत. दिवसाला चार तास, केवळ दिवा व चार्जर चालण्याइतकी वीज हा पहिला स्तर. २३ तास, दोन किलोवॉटपर्यंत भार पेलणारी वीज हा पाचवा. सरकारी तक्त्यात मात्र दोन्ही घरांपुढे 'वीज आहे' अशी एकच खूण पडते.

'एनर्जी फॉर ग्रोथ हब' या अभ्यासगटाने तर आधुनिक जीवनासाठी माणशी वर्षाला किमान एक हजार युनिटांचा निकष सुचवला आहे. त्यांतील ३०० युनिट घरातील वापरासाठी आणि ७०० घराबाहेर, म्हणजे शेत, कारखाना, दुकान, दवाखाना, शाळा यांसाठी. भारताचा सरासरी वापर आता माणशी १,४०० युनिटांच्या घरात आहे, म्हणजे देश हा निकष ओलांडून गेला. पण सरासरी ही फसवी असते. या तालुक्यांतील वासिंदचा पोलाद कारखाना, मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि डोंगरातील पाडा यांची सरासरी काढून पाड्याची स्थिती कळत नाही. पाड्यांचे दुखणे त्या ७०० युनिटांत आहे. घरातल्या दिव्याची सोय झाली, घराबाहेरच्या विजेची नाही.

वाहिनी कोठे अडते?

तीन फेजची वाहिनी पाड्यापर्यंत नेण्यात पहिली अडचण पैशांची. दूर अंतर, थोडे ग्राहक आणि त्यांचा वापरही थोडा. त्यामुळे वितरण कंपनीच्या दृष्टीने येथील प्रत्येक खांब तोट्याचा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हे तर्कशास्त्र राज्याने उघडपणे वापरले होते. मुंबई भारनियमनमुक्त राहिली आणि ग्रामीण भागात ज्या वाहिन्यांवर गळती जास्त व वसुली कमी, तेथे अंधाराचे तास जास्त, असे सूत्र होते. २०१२ नंतर भारनियमन ओसरले, पण तोट्याच्या वाहिनीकडे दुर्लक्ष करण्याची सवय तेवढ्याने जात नाही. यात एक दुष्टचक्र आहे. वीज भरवशाची नाही म्हणून कोणी यंत्र घेत नाही, यंत्र नाही म्हणून वापर वाढत नाही आणि वापर नाही म्हणून वाहिनी सुधारत नाही.

दुसरी अडचण जंगलाची. दोन्ही तालुक्यांत वनजमिनीचे प्रमाण मोठे आहे. शहापूरमध्ये तानसा अभयारण्यही आहे. वनजमिनीतून खांब न्यायचे म्हणजे परवानगी आणि परवानगी म्हणजे वर्षानुवर्षे फिरणारी फाइल, असा समज आहे. वस्तुतः २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) नुसार शाळा, अंगणवाडी, पाण्याची नळवाहिनी, विजेच्या तारा, अपारंपरिक ऊर्जास्रोत अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागणार नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढ्याच मुख्य अटी. शहापूर तालुका संपूर्णतः आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे 'पेसा' कायद्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकारही आहेत. हत्यार कायद्याने दिलेले आहे, पण ते वापरायचे कसे याची माहिती पाड्यांपर्यंत पोहोचलेली नाही.

पुढची दिशा

सौरऊर्जेमुळे आज या प्रश्नाला नवे उत्तर उपलब्ध आहे. माळशेज घाटापलीकडच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या आदिवासी वस्तीवर २०१२ मध्ये सुमारे साडेनऊ किलोवॉट क्षमतेचा सौर सूक्ष्मजाल प्रकल्प उभारण्यात आला. ३९ घरांच्या या वस्तीत गावकऱ्यांनीच तो चालवायचा, मीटरप्रमाणे पैसे गोळा करायचे आणि त्यातून देखभालीचा निधी ठेवायचा, अशी त्याची रचना होती. त्यानंतर सौरपटलांच्या किमती बऱ्याच उतरल्या आहेत. केंद्राची 'कुसुम' योजना २०१९ मध्ये आली. राज्याच्या २०२४ मधील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने केवळ ५ टक्के रक्कम भरायची आहे. मात्र जमीन नावावर असणे आणि पाण्याचा स्रोत असणे या गोष्टी येथे कळीच्या ठरतात. ज्या कातकरी कुटुंबाकडे सातबाराच नाही, ते या योजनेच्या दारातच अडते. अशांसाठी वैयक्तिक पंपापेक्षा पाड्याचा सामाईक पंप, सामाईक गिरणी आणि सामाईक वाळवणयंत्र हाच मार्ग व्यवहार्य दिसतो. दोन-तीन अश्वशक्तीच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या लहान भातगिरण्या आता बाजारात मिळतात. त्यांना मोठी वाहिनी लागत नाही, स्थिर दाब तेवढा लागतो. महिला बचत गटांना त्या चालवता येण्यासारख्या आहेत.

दुसरी गोष्ट मोजमापाची. २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनी ग्राहकाला चोवीस तास वीजपुरवठ्याचा हक्क सांगितला आहे आणि सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूदही आहे. पण पाड्यावर वीज किती तास नव्हती आणि दाब किती होता, याची नोंद ग्राहकाच्या हाती नसेल तर तो दाद कशाच्या आधारावर मागणार? प्रत्येक पाड्याच्या रोहित्रावर नोंद ठेवणारा मीटर बसवून ती माहिती ग्रामसभेपुढे ठेवणे ही फार खर्चिक बाब नाही.

तिसरी गोष्ट समन्वयाची. रोहित्र महावितरणचे, पंप जिल्हा परिषदेचा, भातखरेदी आदिवासी विकास महामंडळाची, वनधन केंद्र आणखी कोणाचे आणि जमीन वन खात्याची. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. कोणत्या पाड्यावर काय पिकते, तेथे कोणते यंत्र चालू शकते आणि त्यासाठी किती वीज लागेल, असा पाडानिहाय आराखडा करण्यासाठी याहून योग्य जागा नाही. आधी काम ठरवून मग त्याप्रमाणे वीज न्यायची, असा क्रम लावला तर वाहिनी तोट्याची राहणार नाही.

भावली आणि माळशेज परिसरात घाटघरसारख्या नव्या साठवण प्रकल्पांचे प्रस्ताव पुढे आले आहेत. देशाला सौरऊर्जा साठवण्यासाठी सह्याद्रीचा कडा हवा आहे आणि त्यातील मोठा वाटा पुन्हा याच डोंगरांवर पडणार आहे. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तेव्हापासून डोंगराने शहराला शक्ती पुरवावी असा शिरस्ता पडला आहे. तो मोडावा असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्यांच्या डोक्यावरून तारा जातात, त्यांच्या पाड्याला गिरणी व पंप चालवण्याइतकी वीज देणे ही मेहेरबानी नव्हे. वर केलेला हिशेब पुन्हा आठवावा. हजार माणसांच्या पाण्यासाठी दिवसाला ३५ युनिट. घाटघरचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालतो तेव्हा एवढी वीज अवघ्या अर्ध्या सेकंदात निर्माण होते.